निशाणाच्या मागे

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे आली आणि मी एकालाही उत्तर दिले नाही, याची टोचणी मनाला आहे. पण आज लिहायला बसलो ते गेल्या रविवारी परसात जे घडले त्यामुळे. घरात सर्वांना सांगून झाले आणि "कोणाला लागले नाही ना, मग झाले" असे म्हणून सर्वांनी विषय संपवला. माझ्या मनातून मात्र तो जात नाही, आणि का जात नाही हे तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही. माझी कंबर आता बरी आहे, आईचेही ठीक चालले आहे.

आमच्या मुक्ताचा बाण निशाणातून आरपार गेला.

निशाण मीच बांधले होते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, त्यांच्या कडा आपल्याकडे येतील अशा एकावर एक रचल्या होत्या. वर आणि खाली जाड फळी, दोन्ही बाजूंना आटे पाडलेल्या सळया, आणि पान्याने नट आवळून सगळी चवड घट्ट दाबलेली. बाण दोन थरांच्या मधून शिरतो आणि दोन्हीकडच्या दाबाने, घर्षणाने थांबतो, ही युक्ती आपण पेंढ्याच्या बट्रेसवरच, म्हणजे निशाणामागच्या जाड गादीवरच, शिकलो होतो. टाकाऊ पुठ्ठ्यात काम झाले याचा मला आनंद होता आणि कित्येक महिने त्या निशाणाने एकही तक्रार केली नाही.

चूक झाली ती मधल्या भागात. मुक्ताचा हात जसजसा बसत गेला तसतसे तिचे बाण मधल्या पिवळ्या वर्तुळातच पडू लागले, म्हणजे जिचा नेम चांगला तिच्याच निशाणाचे पोट आधी पोकळ होते. सुरुवातीला बाण वीतभर आत जात असे, नंतर अर्धा जाऊ लागला, आणि शेवटच्या आठवड्यात पिसे पुठ्ठ्याला टेकत होती. ते मी डोळ्यांनी पाहत होतो. तेव्हाच नट सैल करून मधल्या पट्ट्या वर-खाली आणि कडेच्या पट्ट्या मध्ये घ्यायला हव्या होत्या, किंवा निदान कागदी निशाण एका कोपऱ्याकडे सरकवायला हवे होते. मी नुसते नट आणखी आवळले. त्यातच पुठ्ठा ओल धरून मऊ पडला होता, आणि मऊ पुठ्ठा कितीही आवळला तरी बाण धरत नाही.

रविवारचा तो तिसरा बाण. नेहमीचा भरीव आवाज आलाच नाही. कापड फाटावे तसे काहीतरी झाले आणि त्यापाठोपाठ लाकडावर टाळी वाजली. तिचे धनुष्य २८ पौंडांच्या ओढीचे, म्हणजे तुझ्या कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्यापुढे काहीच नाही. पण त्यातूनही बाण ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. तो मागच्या लाकडी दारात रुतला होता, दोन फळ्यांमधल्या फटीपासून तीन बोटांवर, आणि त्याचे टोक पलीकडे नखभर बाहेर आले होते. मी दार उघडले. गल्लीत कोणी नव्हते. समोरच्या भिंतीला लहान मुलाची एक सायकल टेकवून ठेवलेली होती.

मुक्ता मागून विचारत होती, "बाबा, पण लागला होता ना मध्यावर?" लागला होता. मी तिला तसे सांगितलेही. मग बाण दारातून काढला, कानाशी धरून हलकेच वाकवला. कार्बनच्या दांडीत बारीक कडकड ऐकू आली. दुसऱ्या कोणी चुकून तो चढवू नये म्हणून तिथेच मोडून टाकला.

नंदू, त्या दुपारी मैदानावर तू मला जे बोललास ते मी इतकी वर्षे भित्रेपणा समजत होतो. "आधी निशाणाच्या मागे काय आहे ते बघ, मग निशाणाकडे बघ," असे तू सर्वांसमोर म्हणालास आणि मी त्यानंतर पूर्ण हंगामभर तुझ्याशी अबोला धरला. तुझे बरोबर होते. हे मी तेव्हाच म्हणायला हवे होते.

आता नव्याने काय करावे, हा घोर आहे. विकत घ्यायचे तर थरांचे फोम चांगले, हलके, आणि इतक्या पौंडांना पुरून उरेल. मधला गाभा वेगळा काढून बदलता येतो असे मिळाले तर पैसे वाया जात नाहीत. पण घर्षणाच्या उष्णतेने फोम वितळून दांडीला चिकटतो आणि बाण ओढताना पोरीला झटापट करावी लागते; साबण घासला की ते कमी होते, हे तूच शिकवले होतेस. चिंध्यांचे पोते याहून स्वस्त, आणि त्यातून बाण दोन बोटांनी निघतो. माझा कल तिकडेच आहे, आणि खरे सांगायचे तर अर्धे पोते भरूनही झाले आहे. जुन्या कपड्यांची बटणे, चेनी, हूक एकूण एक काढले, कारण धातूवर बाण आदळला तर तो उलटा येतो. आधी खालचे कोपरे ठासायचे, मग मधला भाग; सैल राहिले तर बाण पार होतो. तोंड दाभणाने दुहेरी सुतळीत शिवायचे. टांगून ठेवले की चिंध्या खाली बसतात आणि वरचा भाग रिकामा होतो, म्हणून दर काही दिवसांनी पोते उलटे करायचे. पोते विणलेल्या प्लॅस्टिकचे, ते उन्हाने कुजते, तेव्हा खेळ संपला की ते घरात.

पण या वेळी पोत्यावर माझा एकट्याचा भरवसा नाही. निशाणाची दिशाच बदलली. आता मागे दार नाही, आंधळी भिंत आहे, आणि भिंतीच्या अलीकडे जुना जाड गालिचा वरून सैल सोडणार आहे. ताणून ठोकला तर बाण त्याला भोसकतो. सैल असला की गालिचा मागे झुकतो आणि बाणाचा जोर त्याच्या घड्यांत मरतो. पोत्याच्या पाठीला लगटून फळी लावायची नाही, हेही आता पक्के. स्पर्धेत मध्य १३० सेंटिमीटरवर असतो, मी तो मुद्दाम खाली घेणार आहे; १० मीटरवरून बाण किंचित उतरता गेला तर चुकलेला बाण जमिनीत जाईल, कुंपणावरून नाही.

तुझ्या बदलीचे कळले. वहिनींना नवे घर मानवले असावे. चिरंजीवांना परीक्षेबद्दल शाबासकी सांग.

पोते या महिन्यात शिवून होईल. तू ये आणि येताना कंपाउंड घेऊन ये. तुझे ५० पौंड त्या पोत्याने पाच पावलांवरून अडवले, आणि ते तू स्वतः मागे जाऊन पाहिलेस, तरच मुक्ता बाण चढवेल. तोवर तिच्या धनुष्याची दोरी मी उतरवून ठेवली आहे, आणि ती रोज विचारते की काका कधी येणार.

तुझा,
बाळू