नवऱ्याचं नाव आहे, तुझं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की तुमच्या पुरवणीत रुखवत, शालू, हॉलचे दर यांवर भरभरून छापून येतं. लग्न करून परदेशी निघालेल्या मुलींसाठी मला एक बिनखर्चाचं काम सुचवायचं आहे: तिथल्या भारतीय वकिलातीत स्वतःचं नाव नोंदवणं.

मी मूळची कराडची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन जर्मनीत स्टुटगार्टला आले. व्हिसाच्या एजंटाने दोन पानी यादी दिली होती. जर्मन भाषेची पहिल्या पातळीची ए-वन परीक्षा, लग्नाचा दाखला, विमा, सगळं त्यात होतं. आईची यादी वेगळी: कुकरच्या दोन जादा रिंगा, गोडा मसाला, भाकरीचा तवा. इथे आल्यावर आठवड्यात नगरपालिकेत पत्ता नोंदवला, कारण तो १४ दिवसांत नोंदवावाच लागतो. टपालपेटीवर यांच्या आडनावाखाली माझं माहेरचं आडनाव चिकटवलं, कारण पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. मला वाटलं, झाली नोंदणी.

मग कुवेतवाल्या आत्याचा फोन आला. "वकिलातीत नाव घातलंस का गं?"

म्हटलं, यांचं आहे.

"त्याचं असू दे. तुझं?"

आत्या १९९० साली कुवेतमध्ये होती. इराकी फौजा घुसल्यावर ती आणि काका रस्त्याने जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना असं आणलं गेलं. काका नोकरीवाले, त्यांचं नाव सगळ्या याद्यांत. आत्या म्हणजे नुसतं 'सोबत पत्नी'. छावणीत दोघांची दोन दिवस चुकामूक झाली. तेव्हा त्या 'सोबत'चा काही उपयोग झाला नाही, असं ती अजून सांगते.

त्याच रात्री अर्ज भरला. स्टुटगार्टला बर्लिनची वकिलात नाही, तिचं म्युनिकचं कार्यालय, म्हणजे कॉन्सुलेट लागतं, हेही तेव्हाच कळलं. सक्ती नाही, म्हणूनच राहून जातं. नाव घातलं की सरकार दारात गाडी पाठवेल असं नव्हे, पण वेळ आली तर मी कुठे राहते हे तरी कुणाला ठाऊक असेल. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, या रकान्यात मी यांचा नंबर टाकत होते. आत्या म्हणाली, "बापाचा दे. नवऱ्याशीच बिनसलं तर त्यालाच फोन लावायचा का?" फोन स्पीकरवर होता. हे हसले, जरा उशिराच.

आता मुलगी सात महिन्यांची आहे. परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत केली नाही, तर पुढे केंद्र सरकारची परवानगी लागते. आमच्या ओळखीतल्या दोघींना हे ठाऊकच नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही फाइल घेऊन म्युनिकला निघालोय.

विवाह नोंदणी कार्यालयांनी दाखल्यासोबत एक चिठ्ठी जोडावी, एवढंच मागणं आहे: मुलीने स्वतःचं नाव स्वतः नोंदवावं, घर बदललं की पत्ताही बदलावा (आम्ही चार महिने विसरलो होतो), आणि पासपोर्टची एक झेरॉक्स माहेरी ठेवावी. माझी बाबांच्या कपाटात, एलआयसीच्या पावत्यांखाली आहे.

आपली,
एक वाचक, स्टुटगार्ट (माहेर कराड)