सूचना : यात्रेच्या दिवसांतील सभांबाबत
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या संघटनेच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, घरी पाहुणे येतात, जुने सोबती भेटतात आणि पिण्याचा आग्रह नेमका तेव्हाच होतो. म्हणून या काळात एकही सभा चुकवू नये, ही कळकळीची विनंती. परगावी जाणाऱ्यांनी तेथील अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेची वेळ आधीच विचारून ठेवावी. १९३५ पासून चालत आलेल्या या संघटनेत शुल्क नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. रोज पिणाऱ्या नवीन व्यक्तीने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, त्यामुळे तिला प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. पुन्हा प्यायल्यामुळे संकोचून घरी बसलेल्यांनी तर अवश्य यावे. त्यांची आम्ही वाट पाहत आहोत.