उद्यमबागेतील लेथवाल्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

ज्वालामुखीच्या राखेत वीज कशी निर्माण होते, हे नववीच्या मुलांना दाखवण्यासाठी मी खानापुराहून आपल्या कारखान्यात आलो, तेव्हा माझ्याकडे एक कच्चे चित्र आणि बराचसा फाजील उत्साह होता. म्युनिकच्या विद्यापीठात कोराडो चिमारेली आणि सहकाऱ्यांनी खरी राख प्रचंड दाबाखाली नळीतून एकदम सोडून प्रयोगशाळेत ठिणग्या पाडल्या आणि 2014 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. तशीच नळी आपण करून द्यावी, अशी माझी विनंती होती. एवढ्या दाबाची वस्तू शाळेसाठी करणार नाही, हे आपण दोन वाक्यांत सांगितले, त्याबद्दल पहिले आभार.

खरे ऋण पुढचे आहे. साध्या पंपाने प्लॅस्टिकच्या नळीतून दगडाची भुकटी उडवून विद्युतदर्शीची (विद्युतभार ओळखणाऱ्या उपकरणाची) पाने फाकलेली मी दाखवली, तेव्हा आपण विचारले, "सर, हा भार भुकटीचा की नळीशी घासल्याचा?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आपण फुटक्या जात्याचा तुकडा मागवला, हिऱ्याच्या बिटाने त्याला आरपार छिद्र पाडले आणि भुकटीही त्याच दगडाची करायला सांगितली. आता काळा दगड घासणार तो काळ्या दगडाशीच.

मार्चच्या कोरड्या दुपारी आम्ही थर्माकोलवर दोन डबे ठेवून प्रत्येकाला विद्युतदर्शी जोडली. जाड कण जवळच्या डब्यात पडले, बारीक धूळ लांबच्या डब्यापर्यंत गेली आणि दोन्हीकडे पाने फाकली. लोकरीवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी जवळ नेताच लांबच्या डब्याची पाने आणखी फाकली, म्हणजे तेथील भार ऋण होता. जवळच्या डब्याची मात्र मिटू लागली. एकाच दगडाचे लहानमोठे कण एकमेकांवर आपटून विरुद्ध भार घेतात आणि वाऱ्याने वेगळे होतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. प्रत्यक्ष उद्रेकात कण फुटण्यानेही भार येतो, शिवाय ढग उंच गेला की वळवाच्या ढगाप्रमाणे बर्फही त्यात भर घालतो. 15 जानेवारी 2022 रोजी टोंगा या बेटांच्या देशातील हुंगा ज्वालामुखीवर एका मिनिटात 2,615 विजा नोंदल्या गेल्या. आमच्याकडे एकही ठिणगी पडली नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

आपण केवळ बिट झिजल्याचे पैसे घेतलेत. आता अर्ध्या व्यासाचे आणखी एक छिद्र हवे आहे; जात्याचा उरलेला तुकडा घेऊन शनिवारी येतो. या वेळी पूर्ण मजुरी घ्यावी, ही विनंती.

आपला,
विज्ञान शिक्षक, खानापूर तालुका