हुक तपासला

आदरणीय काका,
सा. न.

परवा मानेवाड्याहून तुमच्या घरून परतले आणि रात्री बाबांची वही पुन्हा काढली. ती मला पहिल्यांदाच वाचता आली, तुमच्यामुळे.

आपल्या नागपूरला समुद्र नाही. बाबा मुंबईला नेव्हीच्या गोदीत होते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोणत्या युद्धनौकेवर? बाबा म्हणायचे, "टगवर, सारंग," म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीवर, ती चालवणारा प्रमुख, आणि विषय तिथेच संपायचा. आम्हीही कधी खोदून विचारलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

तुम्ही चहा बाजूला सारून सगळं समजावलंत. सुकाणू चालतं ते वाहत्या पाण्याच्या जोरावर. जहाज मंदावलं की ते ऐकेनासं होतं आणि उंच बाजूवर वारा बसला तर हजारो टनांचं धूड धक्क्याकडे सरकायला लागतं. तेव्हा टगच हवा. इंजिन बंद असलेलं जहाज हलवायचं, म्हणजे 'कोल्ड मूव्ह', तर सगळी भिस्त टगांवर. वहीतलं "को. मू." ते हे! आई इतकी वर्षं ती हिशेबातली खूण समजत होती.

पण रोजची पहिली ओळ एकच, "हुक तपासला." ते विचारलं तेव्हा तुम्ही उठून एका रिकाम्या डब्याला सुतळी बांधलीत. डबा म्हणजे टग, सुतळी म्हणजे जहाजाला बांधलेला दोर. तो मागे सरळ ताणलेला असेल तोवर ठीक. जहाज पुढे निघालं आणि दोर टगच्या कुशीवर आला, की टग बघता बघता कलंडतो. तुम्ही सुतळी बाजूला ओढलीत, डबा आडवा झाला. दोर त्याच क्षणी सुटला पाहिजे, म्हणून दोर अडकवायचा तो झटकन सुटणारा हुक. "खाली इंजिनात असतो त्याला वर यायला वेळ मिळत नाही," म्हणालात आणि गप्प झालात.

इंजिन ड्रायव्हर तुम्हीच होतात ना, काका.

नौदलाचे नवे 25 टन बोलार्ड पुलचे, म्हणजे तेवढ्या ओढण्याच्या ताकदीचे, टग 20 वर्षांच्या सेवेसाठी बांधतात, म्हणालात. खाऱ्या पाण्यात पत्रा झिजतो, सुक्या गोदीत त्याची जाडी मोजतात, पातळ झालेला बदलतात, आणि एक दिवस तेही परवडेनासं होतं. तुमचा टग शेवटी दुसऱ्या टगच्या दोरावर गेला आणि बाबा धक्क्यावर उभे होते, हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसाचं पान मी शोधलं. त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

तुमचे आभार कसे मानू? येत्या रविवारी आईला घेऊन येते. तिला तो डबा आणि सुतळी बघायची आहे.

तुमच्या सारंगाची मुलगी