पहिल्या उपवासाआधी रक्ताचा एक ठिपका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे. चरबीपासून ऊर्जा मिळवण्यासाठी शरीराला लागणाऱ्या कार्निटिन या पदार्थाचा नवजात बाळांच्या रक्ततपासणीत समावेश व्हावा आणि त्याची कमतरता भरून काढणाऱ्या लेव्होकार्निटिन या औषधाचे सिरप सरकारी रुग्णालयांत मिळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका पहाटे अकरा महिन्यांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत माझ्याकडे आणले होते. आदल्या दिवशी थोडा ताप होता, दोन उलट्या झाल्या होत्या आणि रात्री तो अंगावर प्यायला नव्हता; दमून झोपला असेल म्हणून घरच्यांनी उठवले नाही. रक्तातील साखर 24 भरली. रात्रभर उपाशी राहून साखर इतकी उतरलेल्या बाळाच्या लघवीत कीटोन सापडायला हवेत, कारण साखर संपली की शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून कीटोन तयार होतात. पण लघवी तपासायच्या पट्टीचा रंग बदललाच नाही. यकृत बरगडीखाली चार बोटे लागत होते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्याने डोळे उघडले, तेव्हा त्याची आई म्हणाली, “डॉक्टर, याच्या आधीची मुलगीसुद्धा अशीच गेली. सगळे म्हणाले, दृष्ट लागली.” आई-वडील नात्याने आते-मामे भावंडे होते.

रक्ताचा ठिपका मुंबईच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाठवला. मुक्त कार्निटिन जवळजवळ नव्हतेच.

कार्निटिन हे नाव मांसाला असलेल्या लॅटिन शब्दावरून आले, कारण 1905 मध्ये ते प्रथम मांसाच्या अर्कातून वेगळे केले गेले. पण म्हणून ते फक्त मांसाहारातूनच मिळते असे नाही. लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून आपले शरीर ते स्वतः बनवते, त्यामुळे निरोगी शाकाहारी माणसाला त्याची सहसा वाण पडत नाही आणि वजन उतरवण्यासाठी व्यायामशाळांतून त्याची जी भलावण चालते तिला भक्कम आधार नाही. त्याचे खरे काम वाहतुकीचे आहे. लांब साखळीची मेदाम्ले पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, एकटी शिरू शकत नाहीत. कार्निटिनशी जोडली गेल्यावरच ती आत जातात आणि तेथे त्यांचे ज्वलन होऊन हृदयाला, स्नायूंना ऊर्जा मिळते, यकृतात कीटोन तयार होतात. या मुलाच्या आजारात कार्निटिनला पेशीत घेणारे ओसीटीएन-2 हे वाहक प्रथिनच सदोष असते. त्यामुळे मूत्रपिंड कार्निटिन परत शोषून घेऊ शकत नाही, ते लघवीवाटे वाहून जाते, आणि अंगावर चरबी असूनही बाळाची पेशी उपाशी राहते. काही मुलांत साखर उतरण्याऐवजी हृदयाचा स्नायू हळूहळू ताणून दुबळा होतो. दोष आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो, म्हणूनच नात्यात लग्ने होणाऱ्या आमच्या भागात मला त्याची अधिक धास्ती वाटते.

महोदय, यावरचा उपचार म्हणजे तोंडावाटे द्यायचे लेव्होकार्निटिन: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 100 ते 200 मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून, आयुष्यभर, आणि सोबत फार वेळ उपाशी न ठेवण्याची दक्षता. अंगाला कधी माशासारखा वास येतो, कधी पोट बिघडते; याहून मोठी तक्रार सहसा नसते. दुबळे झालेले हृदयही या औषधाने पुष्कळदा सावरते. तो मुलगा आज चौथीत आहे. मात्र आमच्या भागातील सरकारी औषधसाठ्यात हे सिरप मी कधीही पाहिलेले नाही. त्याचे वडील दर महिन्याला बाटल्या आणायला शहरात जातात आणि तेवढी रोजंदारी बुडवतात.

उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर सुमारे तीनशेत एकाला हा आजार असतो. तेथे तरुण माणसांचे अचानक मृत्यू झाल्यानंतर 2009 पासून साऱ्या लोकसंख्येची तपासणी सुरू करण्यात आली. आपल्याकडे प्रमाण इतके नाही, हे मी मान्य करतो. परंतु टाचेतून घेतलेल्या त्याच ठिपक्यांच्या कागदावर थायरॉइडची जन्मजात कमतरता आणि चयापचयाचे इतर अनेक आजारही तपासता येतात. शेजारच्या गोव्याने 2008 मध्येच नवजात बाळांच्या अशा विस्तृत तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर 2013 मध्ये आपल्याच पालघरहून झाली. तेव्हा निदान एका जिल्ह्यात, सरकारी प्रसूतिगृहातून घरी जाण्याआधी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक बाळाचा ठिपका घेण्यास आरंभ व्हावा. अहवालात कार्निटिन कमी आले तर आईचेही रक्त तपासावे लागेल, कारण कधी कधी दोष बाळात नसून आईत असतो आणि तिला स्वतःला त्याची कल्पना नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत साठाच कमी असल्याने त्यांची तपासणी पुन्हा करावी लागेल. प्रयोगशाळेइतकीच गरज या पाठपुराव्याच्या माणसांची आहे, म्हणून त्यांची पदे आधी मंजूर व्हावीत.

फेफऱ्यासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांतही कार्निटिन घटते आणि रक्तातील अमोनिया वाढू शकतो, त्यामुळे हे सिरप जिल्हा रुग्णालयात ठेवल्यास ते केवळ दुर्मिळ आजारासाठी पडून राहणार नाही.

आणखी एक विनंती आहे. कारण न समजता दगावलेल्या प्रत्येक बाळाच्या रक्ताचा एक ठिपका, आई-वडिलांची संमती घेऊन, कागदावर वाळवून जपून ठेवण्याचा आदेश काढावा. त्याला लागतो तो एक गाळणकागद आणि सावलीतले तीन-चार तास. त्या मुलाच्या बहिणीचा असा ठिपका कोणी घेतला नव्हता; तिच्या मृत्यूच्या कागदावर कारणाच्या रकान्यात आजही “अज्ञात” असेच लिहिलेले आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ