खड्याचा प्रकार कळल्याशिवाय पथ्य ठरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान जातीच्या कुत्र्याच्या मूत्राशयात खडे आढळले की ओळखीपाळखीतून आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कुळथाचा काढा, जवाचे पाणी, दूध-दही कायमचे बंद, असे सल्ले सुरू होतात. ते आपुलकीने दिलेले असतात, यात शंका नाही. परंतु खडा कोणत्या प्रकारचा आहे, हा पहिला प्रश्न त्यांत कोणी विचारत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

कुत्र्यांत प्रामुख्याने दोन प्रकारचे खडे होतात. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांपासून बनणारा स्ट्रुव्हाइट बहुधा लघवीतील जंतुसंसर्गामुळे, आणि म्हणून माद्यांत अधिक होतो; योग्य प्रतिजैविक व डॉक्टरांनी लिहून दिलेले खास खाद्य यांनी तो काही आठवड्यांत विरघळू शकतो. शिट्झू, ल्हासा, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या कुत्र्यांत, त्यातही नरांत, अधिक आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र कोणत्याही खाद्याने किंवा काढ्याने विरघळत नाही. खरी मेख पुढेच आहे. स्ट्रुव्हाइट विरघळवणाऱ्या खाद्याने लघवी आम्लधर्मी होते, आणि ऑक्झलेटचा खडा तशाच लघवीत धरण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे शेजारच्या कुत्र्याला ज्या पाकिटाने गुण आला, तेच आपल्या कुत्र्याला अपायकारक ठरू शकते. शिवाय काही खास खाद्यांत स्निग्धांश व मीठ अधिक असल्याने हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला ती चालत नाहीत.

आमच्या ल्हासाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी खडे बाटलीत घालून हाती दिले. साबुदाण्याएवढे, पिवळसर आणि बोटाला टोचतील असे खरखरीत. ते प्रयोगशाळेत पाठवल्यावर ऑक्झलेट असल्याचे कळले आणि पथ्य त्यानुसार ठरले. पालक, बीट, रताळे आणि सुकामेवा बंद झाला. कॅल्शियमची आणि क जीवनसत्त्वाची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत, असे सांगण्यात आले. आहारातले कॅल्शियम मात्र पूर्ण तोडायचे नसते, कारण ते फार कमी झाले तर आतड्यातून ऑक्झलेट अधिक शोषले जाते. या सगळ्याहून महत्त्वाचे आहे ते पाणी. जेवणात कोमट पाणी घालून ते पातळ करावे, घरात दोन-तीन ठिकाणी भांडी भरून ठेवावीत आणि लघवी फिकट राहते का, यावर रोज नजर ठेवावी. डॉक्टर लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती घट्ट आहे हे सांगणारा आकडा, १.०२० च्या खाली राहावे असे पाहतात. सकाळी दार ओढून बाहेर पडलेले कुटुंब रात्री परतेपर्यंत कुत्र्याने लघवी धरून ठेवायची, ही फ्लॅटमधली पद्धत तर बदललीच पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस लघवी गुलाबीसर होते आणि थोडी-थोडी, वारंवार होते. त्याने घाबरून जाऊ नये. कुत्र्याने टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला शंकूच्या आकाराचा पट्टा (कोन) टाके निघेपर्यंत काढू नये, सोफ्यावर उड्या मारू देऊ नयेत आणि माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नये, कारण आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याला विषासमान आहेत. सर्व खडे निघाले की नाही, याची खात्री करणारा एक्स-रे शस्त्रक्रियेनंतर लगेच काढून घ्यावा. ऑक्झलेटचे खडे पुन्हा होतात, त्यामुळे पुढेही दर काही महिन्यांनी तपासणी लागते. खडे अगदी बारीक असतानाच सापडले तर ते बऱ्याचदा पोट न उघडता बाहेर काढता येतात. नर कुत्रा कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठावा.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून केवळ प्राण्यांच्या मूतखड्यांचे पृथक्करण करणारे केंद्र चालते. आपल्याकडे मात्र काढलेला खडा अनेकदा कापसाच्या बोळ्याबरोबर कचऱ्यात जातो. पालकांनी तो मागून घ्यावा, दवाखान्यांनी तो आपणहून तपासणीला पाठवावा आणि राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी ही तपासणी कोठे व किती शुल्कात होते, याची माहिती मराठीत ठळकपणे प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपली,
एक श्वानपालक, ठाणे