ठेव मोडू नका, पाळणा पाठवा

रत्नागिरी,
१८ मे

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही येणाऱ्या बाळाच्या खोलीसाठी मुदत ठेव मोडायचं म्हणालात तेव्हा मी नुसतं "बघू" म्हटलं. तुमचा आवाज जड झाला की मला पुढे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. ठेव मोडू नका. बाळाच्या खोलीला चाळीस हजार लागत नाहीत. यंदा आंब्याच्या बागेने हात आखडता घेतला, फवारणीची उधारी अजून फिटायची आहे, आणि आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीआधी काढायचा हे आपलं ठरलेलं आहे. ते पैसे त्या डोळ्यासाठीच राहू देत.

शेजारच्या काकांच्या नातवाला मुंबईहून आलेला सेट तुम्ही पाहिलात, पलंग, कपाट, भिंतीवरची चित्रं, सगळं एका रंगाचं. आपल्या नातवंडाला काही कमी पडू नये हे तुमच्या मनात आलं, ते मला पोचलं. कमी पडणार नाही, बाबा. आम्ही काय काय करतोय ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल.

मुळात बाळाची वेगळी खोली आम्ही करतच नाही. पहिले सहा महिने तरी बाळाने आईबापांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. रात्री उठून पाजायलाही तेच सोयीचं. म्हणजे सजवायची आहे ती आमच्याच खोलीची खिडकीकडची बाजू.

पण सजावटीच्या आधी ओल. तुम्ही गेल्या श्रावणात आलात तेव्हा पश्चिमेची भिंत पाहिलीच होतीत. जांभ्या दगडाचा चिरा पाणी पितो, आणि समुद्राकडचा पाऊस आडवा मारतो. कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास यायचा. त्या हवेत तान्हं मूल ठेवायचं नाही हे आमचं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, म्हणून पहिले पैसे छपरावर घातले. फुटकी कौलं बदलली. कौलं घरमालकांनी दिली, मजुरी आमची, अठराशे रुपये. मृग लागायच्या आत झालं हे महत्त्वाचं.

भिंतींना प्लास्टिक पेंट द्यायचा विचार समीरने सोडून दिला. त्या रंगाखाली ओल कोंडते आणि दुसऱ्या पावसाला पापुद्रे सुटतात. त्याऐवजी चुना काढला. चुन्याची भिंत मोकळी राहते, आत गेलेली ओल बाहेर पडते, आणि चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. समीरने चुना आदल्या दिवशी मागच्या अंगणात भिजवला. भिजवताना तो असा उकळतो की एक थेंब डोळ्यात उडाला तरी वाईट, म्हणून मला पडवीच्या पुढे येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि थोडी नीळ घातली. पहिला हात दिला तेव्हा भिंत राखाडी, डागाडागांची दिसत होती आणि माझं मन खट्टू झालं. वाळल्यावर मात्र ती पांढरी होत गेली. आता सकाळी खिडकी उघडली की सगळी खोली उजळते, दिवा लावावा लागत नाही.

खाली गुडघ्याइतक्या उंचीवर लाल कावेचा पट्टा ओढलाय. आपल्याकडच्या जुन्या देवळांत पांढऱ्या चुन्यावर लाल कावेची नक्षी असते, ती डोळ्यांपुढे ठेवून समीरने पट्ट्यावर वेल, मासे आणि एक होडी काढली. पुठ्ठा कापून त्याचा छाप केला होता, म्हणून सगळे मासे एकसारखे आले. चुना आणि काव मिळून साडेचारशे रुपये. हात लावला तर थोडी पूड निघते, म्हणून पाळणा भिंतीपासून हातभर लांब टांगायचा.

आता पाळण्याचं. बाबा, माळ्यावरचा आपला पाळणा मला हवाय. फणसाच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, त्यामुळे तो शाबूत असणार. त्याच्या उजव्या कठड्यावर दादाच्या दातांच्या खुणा आहेत, त्या मी लहानपणी बोटाने मोजायचे. बाजारात तसं लाकूड आज मागायला गेलं तर ठेव मोडूनही पुरायचं नाही.

मात्र एक काम तुम्ही करायचं नाही. पाळणा खाली उतरवलात की तुमचा हात पॉलिश पेपरकडे जाईल, मला ठाऊक आहे. कृपा करून घासू नका. तो हिरवा ऑइल पेंट तुम्ही दादाच्या वेळी दिलेला. त्या काळच्या अशा रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपला हिरवा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. दात येऊ लागले की मूल कठडा चावतं, आणि शिसं पोटात गेलं की मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. कोरडं घासलं तर तीच पूड तुमच्या छातीत जाईल आणि खळ्यात पसरेल. पाळणा आहे तसा गोणपाटात गुंडाळून पाठवा. समीर अंगणात ताडपत्री अंथरून, तोंडाला मास्क लावून, वॉटर पेपरने ओला ओलाच घासणार आहे. निघालेला लगदा पिशवीत बांधायचा, विहिरीच्या बाजूला एक थेंब जाऊ द्यायचा नाही. मी तेव्हा मावशींकडे जाऊन बसेन. रंग पूर्ण निघाला की वर काही लावायचं नाही, फणसाचा पिवळा रंग तसाच उघडा ठेवायचा. काजूच्या टरफलाचं तेल तर नकोच, वाशांना ते ठीक आहे, पण बाळाची कातडी भाजेल.

आणखी एक. पाळण्याच्या दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मला कळवा. जास्त फटीतून बाळाचं अंग घसरतं आणि डोकं अडकतं. सुतार इथे ओळखीचा आहे, तो मधे पट्ट्या बसवून देईल. तुळईतला हूक मात्र नवा घेतला, जुना खाऱ्या हवेने खाल्लेला होता.

आई, आता तुझ्याशी बोलते. राईची उशी तू शिवायला घेतलीस असं वहिनी म्हणाली. तुझ्या मायेला मी नाही म्हणत नाही, पण झोपताना बाळाच्या डोक्याखाली उशी ठेवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मूल उताणं, घट्ट सपाट गादीवर, आजूबाजूला उशी, लोड, मऊ खेळणी काही नाही. तान्ह्याला तोंडाशी आलेलं कापड बाजूला सारता येत नाही, श्वास कोंडतो. डोकं चपटं होईल ही तुझी काळजी खरी आहे. त्यासाठी आज डावीकडे, उद्या उजवीकडे असं तोंड फिरवत राहायचं, आणि जागं असताना आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथं ठेवायचं. ते काम तुझ्याइतकं चांगलं कोणाला जमणार? साडीची झोळीही आपण बांधू, पण कोणीतरी शेजारी बसलेलं असेल तेव्हाच. झोळीत पाठीला बाक येतो आणि हनुवटी छातीला टेकते, रात्रभर तसं ठेवायचं नाही.

गादीसाठी सावरीचा कापूस नको, बाळ त्यात रुतेल. इथल्या गादीवाल्याकडून काथ्याची पातळ गादी पाळण्याच्या मापाची कापून घेणार आहोत, नऊशे रुपये सांगितलेत. तू पाळण्याचं माप कळवलंस की लगेच कापतील.

उशीऐवजी तू पाळण्यावर टांगायचं कापडी चिमण्यांचं चिमणाळं कर. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, मला खरंच दुकानातलं नकोय. पहिल्या आठवड्यांत बाळाला वीतभर, फार तर दीड वीत अंतरावरचं दिसतं, आणि फिक्या रंगांपेक्षा काळं-पांढरं, लाल असं ठसठशीत लवकर डोळ्यांत भरतं. तेव्हा तुझ्या त्या काळ्या चंद्रकळेचे तुकडे, बाबांच्या जुन्या धोतराचं पांढरं आणि लाल खण, एवढ्यातच पाच चिमण्या कर. डोळ्यांना मणी लावू नकोस, दोऱ्याने टाके घाल, मणी सुटून तोंडात जातात. बाळाचा हात पोचायला लागला की ते आम्ही वर आढ्याला बांधू. आणि टाके घालायचे ते सकाळच्या उजेडात, ओटीवर बसून. संध्याकाळी डोळ्याला ताण देऊ नकोस.

दुपट्यांना तुझ्या दोन जुन्या सुती साड्या पुरे. खूप धुतलेल्या पाठव.

कपाट घेत नाही. मांगरात, बागेतल्या खोपटात, आंब्याच्या लाकडी पेट्या पडून आहेत, पुठ्ठ्याचे खोके आल्यापासून त्यांना कोणी विचारत नाही. त्यातल्या चार धड बघून पाठवा. खिळे उपटून, कुसळं घासून, एकावर एक ठेवून भिंतीला पक्क्या ठोकणार. लंगोट, झबली, तेलाची बाटली, सगळं त्यात मावतं, आणि फळ्यांमधून वारा खेळत असल्यामुळे कपड्यांना ओल धरत नाही. ओले लंगोट खोलीत वाळत घालायचे नाहीत, पडवीत बांबूचं वलण बांधलंय. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी मिळून साडेनऊशेला आली. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा ती दुपारीही सोडलेली राहील. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणायचं दादा म्हणत होता, त्याला सांगा, मूल बसायला लागलं की आण.

सुतार, हूक, पॉलिश पेपर धरून सगळं पाच हजारांच्या आत बसतंय आणि ते आमच्याजवळ आहेत. कर्ज नाही, उसनवारी नाही.

बाळंतपणाला माहेरी देवगडला यावं असं आईला वाटतं, मलाही वाटतं. पण ऐन पावसात रात्री कळा सुरू झाल्या तर तिथून दवाखाना गाठणं जिवावर येईल, इथे दहा मिनिटांत पोचतो. म्हणून तुम्हीच या. आई आषाढातच येऊ दे, बाबा तुम्ही भात लावणी उरकून. तुमची खाट पडवीकडच्या खोलीत मांडली आहे, तिकडे ओल येत नाही. बाळंतिणीच्या शेकाची शेगडी मात्र बंद खोलीत पेटवायची नाही आणि बाळाला धुरी द्यायची नाही, एवढं माझं ऐका. बाकी तेल, मालीश, आंघोळ, सगळं तुझ्या हातचं, आई.

बाजारात आंबा घेऊन येणारा टेम्पो पुढच्या आठवड्यात शेवटची फेरी करणार असं कळलं. पाळणा आणि पेट्या त्याच्याबरोबर पाठवा, उतरवून घ्यायला समीर जाईल. भाडं इथे देऊ.

तुमची,
मेधा

ता. क. बाबा, पाळण्याच्या पितळी कड्या आणि साखळ्या देवघराच्या खालच्या खणात आहेत, त्या विसरू नका. माळ्यावर एकट्याने चढू नका, वाडीतल्या पोरांना हाक मारा. आणि ठेवीची पावती आईकडे दिलीत की मला फोन करा.